तऱ्हेवाईक कोरियन प्रेमपट समजून घेताना

सोलच्या मेट्रोत रात्री एक मुलगी झिंगून झुलत उभी आहे. आत्ताच तिने एका तरुणाला दरडावून ज्येष्ठांसाठी जागा सोडायला लावली आहे. पुढच्या मिनिटाला ती समोर बसलेल्या गृहस्थाच्या केसांच्या टोपावर भडाभडा ओकते आणि शुद्ध हरपता हरपता एका अनोळखी पोराकडे बघून त्याला ‘डार्लिंग’ म्हणावं तशी लाडिक हाक मारते. झालं. अख्खा डबा त्या पोराकडे बघायला लागतो : तुझीच ना ही, मग निस्तर तूच. क्वाक जे-योंग यांच्या ‘माय सॅसी गर्ल’ या २००१ सालच्या चित्रपटात नायक-नायिकेची पहिली भेट ही अशी होते.

कोरियन म्हटलं की आपल्याकडे आधी मालिका आठवतात. श्रीमंत घराण्यातला घुमा वारस, पावसात डोक्यावर धरलेली छत्री, आणि कितीतरी भाग वाट बघायला लावून मग कुठे पहिलं चुंबन. चित्रपटांतली तऱ्हेवाईक रोमँटिक कॉमेडी याच घराण्यातली, पण चाल निराळी. इथे एक मुलगी स्वतःला यंत्र समजते. एक माणूस महानगराच्या मधोमध असलेल्या निर्जन बेटावर अडकतो. कुणाला भुतं दिसतात, तर कुणाचा चेहरा रोज सकाळी बदललेला असतो. पहिली दहा मिनिटं बघून ‘हे काय भलतंच’ म्हणून बंद करणारे पुष्कळ असतात. जे टिकतात ते मात्र भेटेल त्याला हे चित्रपट बघायला सांगत सुटतात.

त्यांना यात नेमकं काय सापडतं? विचित्र कल्पना तर जगभरच्या सिनेमात आहेत, नुसत्या विचित्रपणाने काही भागत नाही.

प्रेमकथेला अडथळा लागतो. आपल्या हिंदी-मराठी चित्रपटांत तो बहुतेक वेळा बाहेरून येतो : वडील, जात, पैसा, परदेशातली नोकरी, नाहीतर अर्धवट ऐकलेलं बोलणं. तो दूर झाला की मांडवाची तयारी. मी ज्या चित्रपटांबद्दल लिहितोय त्यांत अडथळा माणसाच्या डोक्यात असतो आणि बहुतेकदा तो पूर्णपणे जातच नाही. मग प्रेम करणाऱ्याला एकच वाट उरते. समोरच्याच्या वेडाचे जे काही नियम असतील ते शिकून घ्यायचे आणि त्या नियमांनी खेळायचं. या चित्रपटांत कोणी कोणाला शहाणं करायला जात नाही. माझ्या मते सगळी मोहिनी इथे आहे, आणि पुढचं जवळजवळ सगळं याच एका मुद्द्याभोवती आहे. (पुढे काही कथानकं थोडी उघडी पडतील. शेवट शक्यतो राखून ठेवतो.)

‘माय सॅसी गर्ल’मधल्या मुलीला चित्रपटभर नावच नाही. ग्योन-वू नावाचा तो गरीब पोरगा तिच्या तावडीत सापडतो. ती त्याला मारते, नदीत ढकलते, जिवे मारण्याच्या धमक्या देते, त्याला आपल्या उंच टाचांच्या चपला घालून चालायला लावते. स्वतः लिहिलेल्या पटकथा त्याला वाचायला देते, त्यांत भविष्यातून कोणीतरी आलेलं असतं. तो हे सगळं मुकाट्याने करतो. निम्मा चित्रपट आपल्याला वाटतं की हे विनोदासाठी चाललंय.

मग एका प्रसंगी ती ठरवून भेटवलेल्या एका मुलाला भेटायला जाते आणि ग्योन-वूलाही तिथे बोलावून घेते. ती दोन मिनिटं उठून गेल्यावर तो त्या नव्या मुलाला सूचना द्यायला लागतो. तीन पेल्यांच्या पुढे तिला पिऊ द्यायचं नाही. कॅफेत गेलास तर कॉफीच मागव. तिने मारलं आणि लागलं नाही तर लागल्यासारखं कर, खरंच लागलं तर न लागल्यासारखं. शंभराव्या दिवशी भर वर्गात जाऊन गुलाब दे. (कोरियातली जोडपी पहिल्या दिवसापासून दिवस मोजतात आणि शंभरावा दिवस साजरा करतात.) तिचे पाय दुखले तर चपलांची अदलाबदल कर. तिला लिहायला आवडतं, तिला लिहितं ठेव. एवढं सांगून तो निघून जातो. ज्याला आपण दीड तास बावळट समजत होतो त्याने एका माणसाचा पूर्ण अभ्यास केलेला आहे, हे तेव्हा कळतं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य न उच्चारता केलेली याहून चांगली कबुली मला तरी आठवत नाही.

तिच्या वागण्याला कारण आहे, ते तिच्या भूतकाळातल्या एका मृत्यूत आहे. पण चित्रपट ते कारण आधी सांगून तिला सहानुभूती मिळवून देत नाही. आधी तिला सहन करा, मग समजून घ्या, असा त्याचा क्रम. रचनासुद्धा फुटबॉलच्या सामन्यासारखी आहे : पूर्वार्ध, उत्तरार्ध आणि जादा वेळ, अशी शीर्षकं पडद्यावर येतात. पुढच्याच वर्षी कोरियात फुटबॉलचा विश्वचषक व्हायचा होता, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला ही खूण लगेच कळली असणार.

कोरियात चित्रपटाचं यश पैशापेक्षा विकल्या गेलेल्या तिकिटांवर मोजतात. ‘माय सॅसी गर्ल’ची सुमारे ४८ लाख तिकिटं गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेपाच कोटींच्या घरात होती. म्हणजे हा काही कोपऱ्यातल्या रसिकांचा सिनेमा नव्हता.

असलं काही तेव्हाच का चाललं, हे समजायला चार-पाच वर्षं मागे जावं लागतं. ऑक्टोबर १९९६ मध्ये दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयाने चित्रपटांची पूर्व-सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली. १९९७ च्या अखेरीस आशियातलं आर्थिक संकट कोरियावर कोसळलं, सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, आणि आयुष्यभराची समजली जाणारी नोकरी रातोरात जाऊ शकते हे एका अख्ख्या पिढीने घरात बसून पाहिलं. सॅमसंग, देवूसारखे मोठे उद्योगसमूह चित्रपटधंद्यातून बाहेर पडले. त्यांच्या जागी जोखीम घेणारं गुंतवणूकदारांचं भांडवल आलं, आणि त्याबरोबर नवे दिग्दर्शकही आले. १९९८ मध्ये सोलमध्ये पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं. शिवाय इंटरनेट घराघरात आधी पोचलेल्या देशांपैकी कोरिया एक. ‘माय सॅसी गर्ल’ची गोष्टच मुळी किम हो-सिक नावाच्या तरुणाने १९९९ मध्ये संगणकाच्या जाळ्यावर हप्त्याहप्त्याने टाकलेल्या किश्श्यांतून आली. तिचा ओबडधोबडपणा, मध्येच भरकटणं, ‘काल काय झालं ऐका’ हा सूर तिथूनच आला.

बाप-भाऊ बेकार झालेल्या त्या काळात रुबाबदार, सगळं जमणारा नायक लोकांना खोटा वाटला असता. म्हणून या चित्रपटांतले नायक धांदरट, कर्जबाजारी, नापास झालेले, हरलेले असतात. त्यांच्याकडे देण्यासारखं फक्त लक्ष असतं. ते मात्र ते भरभरून देतात.

हरलेल्या नायकाचं सर्वोत्तम उदाहरण ली हे-जुन यांच्या ‘कास्टअवे ऑन द मून’ (२००९) मध्ये आहे. मला विचाराल तर या सगळ्या प्रकारातला सर्वात चांगला चित्रपट हाच.

कर्जाला कंटाळून किम नावाचा माणूस सोलमधून वाहणाऱ्या हान नदीच्या पुलावरून उडी मारतो. मरत नाही. वाहत जाऊन पुलाखालच्या बेटाला लागतो. बेटावरून शहराच्या काचेच्या इमारती स्वच्छ दिसतात, डोक्यावरून गाड्या जातात, पण त्याला पोहता येत नाही आणि मोबाइल शेवटचे आचके देत असतो. मदतीसाठी फोन केला तर पलीकडच्यांना थट्टा वाटते. उरलीसुरली बॅटरी जाहिरातीच्या कॉलमध्ये जाते.

हे बेट खरोखर आहे. त्याचं नाव बामसोम. तिथे पिढ्यान् पिढ्या लोक राहत होते. १९६८ मध्ये शेजारच्या योइदो बेटाचा विकास करताना बामसोम सुरुंग लावून फोडलं, त्याचा दगड योइदोच्या बांधाला वापरला आणि साठेक कुटुंबांना दुसरीकडे हलवलं. योइदोवर पुढे संसद, बँका, शेअर बाजार उभा राहिला. फोडलेल्या बामसोमवर मात्र नदी गाळ आणत राहिली, झाडं उगवली, पक्षी आले. आज ते राखीव क्षेत्र आहे, २०१२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि सामान्य माणसाला तिथे पाय ठेवता येत नाही. ज्या अर्थव्यवस्थेने नायकाला बुडवलं तिच्या पायाभरणीत ज्या बेटाचा दगड गेला, त्याच बेटावर तो जगायला शिकतो. चित्रपट हा इतिहास सांगत बसत नाही. पण सोलकराला तो ठाऊक असतो, आणि आपल्याला कळला की विनोदाची धार वाढते.

नदीपलीकडच्या एका फ्लॅटमध्ये दुसरी किम राहते. ती तीन वर्षं खोलीबाहेर पडलेली नाही. कपाटात झोपते, खोलीतल्या खोलीत पावलं मोजून व्यायाम करते, इंटरनेटवर दुसऱ्यांचे फोटो स्वतःचे म्हणून लावते आणि कॅमेऱ्याला मोठी दुर्बीण-भिंग लावून चंद्राचे फोटो काढते. चंद्र का, तर तिथे कोणी नसतं. वर्षातून दोनदा नागरी संरक्षणाचा सराव होतो, भोंगा वाजतो आणि सगळं शहर थबकतं. तेवढ्या वेळेपुरती ती कॅमेरा शहराकडे वळवते. अशाच एका सरावाच्या वेळी तिला वाळूवर मोठ्या अक्षरांत ‘हेल्प’ लिहिलेलं दिसतं.

आता सामान्य प्रेमकथेत काय झालं असतं? तिने पोलिसांना कळवलं असतं. ही बाई तसं काही करत नाही. ती बघत राहते. तो पुढे ‘हेल्प’चं ‘हेलो’ करतो, आणि मग ती डोक्यात हेल्मेट घालून रात्री घराबाहेर पडते आणि पुलावरून बाटलीत चिठ्ठी टाकते. महिनोन् महिने एकेका इंग्रजी शब्दाचा पत्रव्यवहार चालतो. ‘हाउ आर यू’ला ‘फाइन, थँक यू, अँड यू?’ हे कोरियातल्या प्रत्येक शाळकरी पोराच्या तोंडी बसवलेलं उत्तर आहे. आपल्याकडच्या पाचवीतल्या पोरांचंही तेच. जगातलं सर्वात घिसंपिटं वाक्य इथे दोन माणसांना जिवंत ठेवतं.

आणि मग जाजांगम्यन. काळ्या सोयाबीन-सॉसमधल्या या नूडल्स कोरियात फोन केला की घरी येतात. घर बदलण्याच्या दिवशी हमखास याच खातात, आणि १४ एप्रिलला ज्यांना जोडीदार नाही ते ‘ब्लॅक डे’ म्हणून याच काळ्या नूडल्स खातात. बेटावरच्या किमला त्याच्या सॉसची रिकामी वेष्टनं आणि एक न फोडलेली पुडी सापडते, आणि तिथून पुढे या एका पदार्थासाठी तो जगू लागतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून बिया वेचतो, जमीन करतो, मका लावतो. हे पाहून दुसरी किम फोनवरून त्याच्यासाठी तीच डिश मागवते. डिलिव्हरीवाला बदकाच्या आकाराची पायडल-बोट मारत बेटावर पोचतो. आणि हा ती परत पाठवतो! जाजांगम्यन ही आपली आशा आहे, ती आयती नको, असा त्याचा निरोप. तिला राग येत नाही. ती आईकडे मक्याचे दाणे मागते आणि आपल्या खोलीत पेरते. कोणी कोणाला वाचवत नाही, पण दोघंही हळूहळू वाचत असतात.

पार्क चान-वूक यांचं नाव सूडकथांशी जोडलेलं आहे. सूडाचे तीन चित्रपट संपवून त्यांनी २००६ मध्ये ‘आय अॅम अ सायबॉर्ग, बट दॅट्स ओके’ काढला तेव्हा बऱ्याच जणांनी डोकं खाजवलं. कारखान्यात रेडिओ जोडणारी योंग-गुन स्वतःला यंत्रमानव समजते. मनोरुग्णालयात ती जेवत नाही, बॅटऱ्या चाटते, आजीची कवळी लावून पेयांच्या मशीनशी गप्पा मारते. जेवली तर आतली यंत्रं बिघडतील, अशी तिची खात्री. डॉक्टर नळीने अन्न घालतात, विजेचे झटके देतात. इल-सून नावाचा दुसरा रुग्ण मात्र तिच्यासाठी एक ‘यंत्र’ बनवतो : भाताचं विजेत रूपांतर करणारं. तिच्या पाठीला खोटं खोटं दार पाडून ते आत बसवल्याचं नाटक करतो आणि आयुष्यभराची हमी देतो. त्यानंतर ती चमचा तोंडाजवळ नेते आणि सगळा वॉर्ड श्वास रोखून बघतो. या चित्रपटातलं सर्वात उत्कट प्रेमदृश्य म्हणजे एका मुलीने गिळलेला भाताचा घास. इल-सूनची भूमिका रेन या त्या वेळच्या भल्या मोठ्या पॉप गायकाने केली होती, तरी चित्रपट घरी फार चालला नाही. बर्लिनच्या महोत्सवात मात्र २००७ मध्ये त्याला नव्या वाटा शोधणाऱ्या कलाकृतीसाठीचा आल्फ्रेड बाउअर पुरस्कार मिळाला.

हाच नमुना एकदा ओळखता आला की इतरत्र सहज दिसतो. ‘स्पेलबाउंड’ (२०११) मध्ये भुतं दिसणारी मुलगी दिवाणखान्यात तंबू ठोकून झोपते. जादूगार नायक मांत्रिक आणत नाही, घाबरत घाबरत तिच्याजवळ बसायला शिकतो. ‘ऑल अबाउट माय वाइफ’ (२०१२) हा अर्जेंटिनाच्या चित्रपटावरून केलेला. त्यात बायकोच्या अखंड बडबडीला वैतागलेला आणि घटस्फोट मागायची हिंमत नसलेला नवरा, तिनेच आपल्याला सोडावं म्हणून, तिला पटवायला चक्क बायकांना भुरळ घालणारा एक मदनाचा पुतळा भाड्याने ठेवतो. दरम्यान तिची तक्रारखोरी रेडिओवर कार्यक्रम होऊन बसते आणि श्रोत्यांना आवडायला लागते. ‘द ब्यूटी इनसाइड’ (२०१५) मात्र या नियमाची किंमत दाखवतो. नायक रोज नव्या देहात जागा होतो : कधी म्हातारा, कधी बाई, कधी मूल. तिने त्याला स्वीकारलं आहे, पण आज आपला हात धरायला येणार तो कोण हे रोज नव्याने ओळखता ओळखता ती स्वतः आजारी पडते. स्वीकारणं फुकट नसतं, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी रोमँटिक कॉमेडी विरळा.

तांत्रिक बाजूने बघितलं तर यांची खरी करामत सूर बदलण्यात आहे. ‘माय सॅसी गर्ल’मध्ये रात्री बंद असलेल्या मनोरंजन पार्कमध्ये एक पळून आलेला सैनिक बंदूक घेऊन या दोघांना ओलीस धरतो, कारण तो सैन्यात असताना त्याची प्रेयसी दुसऱ्याकडे गेली. प्रसंग हास्यास्पद आहे, भीतिदायक आहे, आणि सक्तीची लष्करी सेवा केलेल्या प्रत्येक कोरियन पुरुषासाठी दुखरा आहे, तिन्ही एकाच वेळी. कोरियात ‘शिनपा’ नावाची रडव्या नाटकांची परंपरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. तिथले समीक्षक तिला नाकं मुरडतात, प्रेक्षक रुमाल काढतात. या दिग्दर्शकांनी त्या परंपरेला हसण्याच्या मागच्या दाराने आत घेतलं. हसताना माणूस बेसावध असतो, तेवढ्यात दुःख येऊन बसलेलं असतं.

म्हणून यांची नक्कल फसते. २००८ मध्ये ‘माय सॅसी गर्ल’ची अमेरिकन आवृत्ती आली आणि तिकडे ती थिएटर न बघताच डीव्हीडीवर गेली. त्याच वर्षी हिंदीत मुंबईत घडणारा ‘अग्ली और पगली’ आला, रणवीर शौरी आणि मल्लिका शेरावत यांचा. थपडा आल्या, धमक्या आल्या. पण मूळ मुलगी ज्या समाजात वावरते तिथे वयाने मोठ्यासमोर पिताना मान वळवावी लागते, वयावरून बोलण्याची भाषा ठरते. तिथे ती परक्या मोठ्या माणसांना भर बारमध्ये झापते, म्हणून ती बंडखोर. ती चौकट काढून घेतली की उरते फक्त मारकुटी मुलगी.

हे सगळं निर्मळ आहे असं नाही. तेच तडाखे पुरुषाने बाईला मारले असते तर आपण हसलो असतो का, हा प्रश्न रास्त आहे आणि ‘तिला दुःख होतं’ हे त्याचं पुरेसं उत्तर नाही. मनोरुग्णालय इतकं गोड, रंगीत आणि स्वच्छ दाखवणंही मला खटकतं. आणि वेडाच्या नियमांनी खेळायचं तर कुठवर? ‘माय स्केरी गर्ल’ (२००६) हा प्रश्न सरळ विचारतो. तिशीपर्यंत कोणाच्या प्रेमात न पडलेला इंग्रजीचा प्राध्यापक एका गोड मुलीच्या प्रेमात पडतो, आणि तिच्या घरच्या किमची (मसाला लावून आंबवलेली भाजी) साठवायच्या फ्रिजमध्ये किमची नसते. तिला सोडावं, पोलिसांत द्यावं की काही कळलंच नाही असं करावं? चित्रपट त्याला सोपी सुटका देत नाही, आणि म्हणूनच तो मला ‘सायबॉर्ग’पेक्षा प्रामाणिक वाटतो.

गेल्या काही वर्षांत असे चित्रपट कमी झाले. प्रेमकथा मालिकांकडे आणि ओटीटीकडे गेल्या, आणि थिएटरात थरारपट आणि मारधाड उरली. तरीही २०२३ मध्ये ली वोन-सुक यांचा ‘किलिंग रोमान्स’ आला. अतिश्रीमंत, मिशाळ, गाणं म्हणणाऱ्या नवऱ्याच्या कैदेत असलेली माजी नटी आणि कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत वर्षानुवर्षं आपटणारा तिचा शेजारी-चाहता मिळून त्या नवऱ्याला संपवायचे बेत करतात. त्यात सॉना आहे, शहामृग आहे, अंगावर फेकून मारलेली संत्री आहेत. नवरा झाला आहे ‘पॅरासाइट’मधला ली सन-क्युन. वरवर शुद्ध खुळेपणा. आत मात्र घरातल्या छळाची इतकी अचूक नोंद आहे की ती गंभीर चित्रपटात बघवली नसती. तिकीटबारीवर तो आपटला. पण ज्यांना आवडला त्यांनी तो सोडला नाही. प्रेक्षकांनी पडद्याबरोबर मोठ्याने गाणी म्हणायची, असे खास खेळ लावावे लागले.

पहिल्यांदा बघणार असाल तर ‘किलिंग रोमान्स’ने सुरुवात करू नका, वीस मिनिटांत उठाल. आधी ‘कास्टअवे’, मग ‘सॅसी गर्ल’, आणि ‘सायबॉर्ग’ एखाद्या रिकाम्या रात्री एकट्याने. उपशीर्षकं वाचायचा कंटाळा असला तरी डब केलेल्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका : या नटांचा अर्धा विनोद ओरडता ओरडता आवाज फाटण्यात आहे.